रेम्ब्रांटचं घर बघावं का? सोबत निवृत्त ड्रॉइंग मास्तर आणि त्यांचे गुडघे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन दादाकडे नेदरलँड्सला, आइंडहोव्हनला चाललेय. ॲमस्टरडॅमला एकच दिवस मिळणार, सकाळी जाऊन रात्री परत. दादाने त्याच्या स्वभावाप्रमाणे एक्सेल शीट करून ठेवलीय : बोट, राइक्सम्युझियम, फुलांचा बाजार, जेवण, परत.

घोडं अडलंय बाबांपाशी. बाबा कराडजवळच्या एका शाळेत बत्तीस वर्षं ड्रॉइंग शिकवत होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवायची, रविवारी फुकट सराव घ्यायचा, त्या पिढीतले मास्तर. त्यांच्या शाळेतल्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं, जुन्या कॅलेंडरातून कापलेलं. बटाट्यासारखं नाक, डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलेला म्हातारा. मला लहानपणी ते आमचेच कुणीतरी चुलत आजोबा वाटायचे. तो रेम्ब्रांट, सतराव्या शतकातला डच चित्रकार. आता बाबा म्हणतात, "त्याचं घर आहे म्हणे तिथं. तेवढं दाखव. बोट काय, कृष्णेतसुद्धा चालते."

तर जाणकारांनी सांगा. घरात त्याची स्वतःची चित्रं आहेत का? जिने किती? बाबांचा उजवा गुडघा बोलतो. राइक्स आणि हे घर दोन्ही एका दिवसात होईल, की एकावर पाणी सोडावं लागेल? आणि आई. तिला चित्रांचं काही नाही. देवळाचं दार बंद असलं तर बाहेर बसून वाती वळेल, पण म्युझियममध्ये "अजून किती खोल्या गं?" असं दर पाच मिनिटांनी विचारेल.

डचवहिनी

ताई, अकरा वर्षं ॲमस्टरडॅमशेजारी ॲमस्टलव्हीनला आहे. भारतातून पाहुणे आले की त्यांना 'बघण्यासारखं' दाखवणं माझ्याकडेच. त्यामुळे या घरात किती वेळा गेले ते मोजणं सोडलंय.

आधी रस्ता. आइंडहोव्हनच्या गाडीने सेंट्रलपर्यंत जाऊ नका. अलीकडे ॲमस्टेल स्टेशन लागतं, तिथे उतरा आणि मेट्रो धरा. तिसरं स्टेशन वॉटरलूप्लाइन. बाहेर आलात की दोन-तीन मिनिटांत योडनब्रेस्ट्राट ४. लाल-हिरव्या झडपांच्या खिडक्यांचं उंच घर आहे, शोधावं लागत नाही. आत शिरायचं दार मात्र शेजारच्या नव्या इमारतीतून. वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट काढा.

जिने आहेत, आणि डच जिने आहेत. गोल, लाकडी, अरुंद. पुढच्या माणसाची टाच आपल्या नाकासमोर. लिफ्ट फक्त नव्या इमारतीत, जुन्या घरात नाही. मागून कुणी येत असेल तर त्याला पुढे जाऊ द्यावं, बाबांना घाई करू नये. माझ्या सासूबाई ७४व्या वर्षी चढल्या. उतरताना जिन्याशी डचांना न कळणाऱ्या भाषेत बोलल्या, एवढंच.

आता मुख्य गोष्ट. रेम्ब्रांटची तैलचित्रं बघायला या घरात जाऊ नका, ती राइक्सला. इथे भिंतींवर आहेत त्याच्या गुरूची, पीटर लास्टमनची, आणि फर्डिनांड बोलसारख्या शिष्यांची चित्रं. कारण पुढची खोली हे त्याचं दुकान होतं. रेम्ब्रांट इतरांची चित्रंही विकायचा. गिऱ्हाईक आलं की काळ्या-पांढऱ्या फरशीवर बसवायचं, पेला हातात द्यायचा, भिंतीकडे तोंड करून खुर्ची द्यायची. त्याची स्वतःची आहेत ती एचिंग्ज, म्हणजे तांब्याच्या पट्टीवरून छापलेली चित्रं. त्याने जन्मभरात २९०च्या आसपास केली, त्यातली बहुतेक सगळी या संग्रहालयाकडे आहेत. एकावेळी थोडीच लावतात.

घराची गोष्ट माहीत असली तर आत मजा येते, म्हणून सांगते. १६३९ साली त्याने हे घर १३,००० गिल्डरला (तिकडचं तेव्हाचं चलन) घेतलं. वय बत्तीस, नाव जोरात, बायको सास्किया खात्यापित्या घरची. थोडे पैसे आधी, बाकीचे पाच-सहा वर्षांत फेडतो म्हणाला. फेडले नाहीत. पैसे नव्हते असं नाही. लिलाव दिसला की हात वर जायचा. शिंपले, पोवळी, शिरस्त्राणं, रोमन बादशहांचे अर्धपुतळे, इतरांची रेखाचित्रं, सगळं घरात. १६४२मध्ये सास्किया गेली, तिशीही नव्हती. चार मुलांतला एकटा टायटस जगला. तेच वर्ष त्याच्या सगळ्यात गाजलेल्या चित्राचं, 'नाइट वॉच'चं. पुढे घर विकणाऱ्याने तगादा लावला आणि १६५६ साली याने दिवाळं जाहीर केलं.

मग सरकारी माणसं आली आणि एकेका खोलीत जाऊन पंचनामा केला. ३६३ नोंदी. या खोलीत हे, त्या कपाटावर ते, पोटमाळ्यावर अमुक. सगळं लिलावात गेलं. १६५८मध्ये घरही विकलं, घेतलं त्याहून कमी किमतीला. तो गेला रोझनग्राख्टला, भाड्याच्या घरात, आणि १६६९मध्ये तिथेच वारला.

घराचं संग्रहालय झालं १९११ साली, पण आत त्याच्या काळातलं घर मांडलेलं नव्हतं. १९९९मध्ये त्याच पंचनाम्यावरून खोल्या पुन्हा भरल्या. तुम्ही जे बघाल ते त्या यादीबरहुकूम मांडलेलं, त्या काळातलं किंवा त्यासारखं सामान. त्याची खुर्ची नव्हे, पण यादीत खुर्ची आहे म्हणून खुर्ची.

दोन्ही होईल का, तर होईल. सकाळी घर, दुपारी राइक्सचा फक्त दुसरा मजला. बोट सोडा. दादा रुसेल.

टोकदार

थोडक्यात, नकली सामान भरलेलं घर. मग गोरेगावची फिल्मसिटी काय वाईट?

मी गेलो होतो. पलंग बघितला, शिंपले बघितले, पुतळे बघितले, पाऊण तासात बाहेर. तोच वेळ राइक्समध्ये त्याच्या 'ज्यूइश ब्राइड' या चित्रासमोर घालवला असता तर सार्थकी लागला असता. त्या नवऱ्याची बाही बघा एकदा. रंग थापलाय अक्षरशः, गवंड्याने गिलावा थापावा तसा. माणूस तिथे आहे. घरात काय आहे? घरात त्याचं देणं आहे.

आणखी एक. आईविना राहिलेलं पोर सांभाळायला ठेवलेली बाई, गीर्चे डिर्क्स. तिच्याशी याचं सूत जमलं, मग बिनसलं. ती कोर्टात गेली. कोर्टाने सांगितलं, वर्षाला २०० गिल्डर दे. याने पुढच्याच वर्षी तिच्या भावाला हाताशी धरून तिला खाउडाच्या बायकांच्या सुधारगृहात डांबलं. पाच वर्षं होती आत. मास्तरांना हे सांगून मग घर दाखवा.

डचवहिनी

गीर्चेचं खरं आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. माझ्या एका मैत्रिणीने ते ऐकून तिथल्या तिथे ऑडिओ गाईड कानावरून काढला होता. पण घर फक्त त्याचं नव्हतं ना. गीर्चे तिथेच राहायची, नंतर आलेली आणि त्याची जोडीदार झालेली हेन्ड्रिकेही तिथेच. खाली स्वयंपाकघरात जा, भिंतीत कपाटासारखा पलंग आहे. तो मोलकरणीचा. त्या पलंगासमोर मी दर वेळी थांबते, वरच्या स्टुडिओपेक्षा जास्त.

फिल्मसिटीबद्दल बोलायचं तर सिनेमाच्या सेटमागे लेखकाचं डोकं असतं. इथे कारकुनाचं आहे. कारकुनाला खोटं बोलायचं कारण नव्हतं.

तांबटआळी

छापचित्रं करतो म्हणून मध्ये तोंड घालतो. मास्तरांना एका गोष्टीसाठी न्याच : तिथे एचिंग कसं छापतात ते करून दाखवतात, रंग कसा घोटतात तेही. दोन्हीच्या वेळा आत शिरतानाच विचारून ठेवा.

आम्ही जे.जे.त जस्ताच्या पट्टीवर शिकलो, त्याचं सगळं तांब्यावर. पट्टीवर मेण, राळ, डांबर यांचा पातळ थर. सुईने फक्त तो थर खरवडायचा, धातूला हात लावायचा नाही. कापायचं काम ॲसिडचं. मग थर पुसून शाई भरायची आणि वरवरची पुसून काढायची. आमचे सर म्हणायचे, शाई भरायला कुणीही शिकतं, पुसायला दहा वर्षं लागतात. ओला कागद, वर लोकरी ब्लँकेट, रूळ फिरला की चित्र उलटं होऊन बाहेर.

रेम्ब्रांटची खोड अशी की तो एवढ्यावर थांबायचा नाही. एचिंग झालेल्या पट्टीवर परत कोरडी सुई ओढायचा. त्याला ड्रायपॉइंट म्हणतात. नांगराच्या तासाला कडेने ढेकळं येतात ना, तशी तांब्याची कड उभी राहते. त्या कडेत शाई अडकते आणि रेघ मखमलीसारखी काळी येते. पण रूळाच्या दाबाने कड चेपत जाते. थोड्या प्रती निघाल्या की मखमल गेली. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी लावल्या असतील तर मास्तरांना तिथे उभं करा आणि काही सांगू नका.

जाता जाता. ज्या सुमारास या घराचा पंचनामा झाला त्याच सुमारास तो मोगल लघुचित्रांवरून रेखाटनं करत होता. शाहजहान, जहांगीर, दारा शुकोह. वीसहून अधिक आज शिल्लक आहेत, वेगवेगळ्या देशांत विखुरलेली, बहुतेक जपानी कागदावर. १६५६ म्हणजे महाराजांनी जावळी घेतली ते साल. दिल्लीच्या बादशहाचा अंगरखा इकडे एक दिवाळखोर माणूस बारीक रेघेत काढत बसलाय. मला हे फार आवडतं.

कृष्णाकाठ

मंडळी, जाऊन आले! उशीर झाला लिहायला, आल्यापासून आई आजारी होती, आता बरी आहे.

दादा रुसला. बोट रद्द. ॲमस्टेलला उतरून मेट्रोची युक्ती एकदम बरोबर, डचवहिनी, तुम्हाला कराडचे पेढे लागू.

सुरुवात तळातल्या स्वयंपाकघरातून. आईच्या "अजून किती खोल्या"ला सुरुवात होणार म्हणून मी तयारीत होते, पण ती चुलीपाशीच रमली. पितळी भांडी वाकून बघितली, कोपऱ्यातलं दगडी न्हाणीसारखं मोरीचं भांडं बघितलं, मग तो कपाटातला पलंग. तिने हाताने वितीवर वीत मोजली. "अगं, यात पाय पसरत नाहीत." तिथला मुलगा म्हणाला, तेव्हाची माणसं उशांना टेकून अर्धी बसूनच झोपत. आई मराठीत म्हणाली, "मालक पण बसूनच झोपायचा का, विचार त्याला." विचारलं. मालकाचाही पलंग कपाटातलाच, पण वरच्या खोलीत, मोठा आणि पडदेवाला. आईने मान हलवली आणि पुढच्या खोलीत गेली. गीर्चेचं मी तिला संध्याकाळी गाडीत सांगितलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. टोकदार, तुमचा निरोप पोचला.

जिना बाबा आडवे होऊन चढले, खेकड्यासारखे. दर पाच पायऱ्यांनी थांबून "वास बघ, लाकडाचा" म्हणायचे. गुडघ्याला विसावा हे कारण, हे दोघांनाही माहीत होतं.

स्टुडिओत गेल्यावर पहिलं काय केलं असेल? मला फोनवर होकायंत्र उघडायला लावलं. खिडक्या रस्त्याकडे, उत्तरेच्या. "बघ, ऊन आत येत नाही. दिवसभर एकसारखा उजेड." त्यांच्या शाळेत चित्रकलेची खोली पश्चिमेला होती. तीन वाजल्यानंतर वस्तुचित्राच्या माठाची सावली फिरायची आणि पोरं रडकुंडीला यायची. बदलून द्या म्हणून बाबांनी किती अर्ज केले ते आमच्या घरात पाठ आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला उत्तर मिळाली याचा त्यांना जरासा रागच आला असावा.

तिथेच एक मुलगी रंग घोटत होती. काळसर दगडी पाटा, वर काचेचा वरवंटा, बुडाला सपाट. पिवळ्या मातीचा चमचाभर ढीग, मधोमध खळगा, त्यात तेलाचे थेंब. मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वरवंटा फिरवायचा. आधी खर्रर्र आवाज येतो, वाळूवर चप्पल घासल्यासारखा. बाबा डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने खर्रर्र कमी झालं, मग नुसतं ओलं चपचप. बाबा म्हणाले, "झाला." ती मुलगी त्याच क्षणी थांबली. तिने वर बघितलं, बाबांनी कान दाखवला. पुढची दहा मिनिटं दोघं काय बोलली देव जाणे. तिचं इंग्रजी डच, बाबांचं कराडचं. तिने त्यांना तेल हुंगायला दिलं. "जवस!" बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले की आई खालच्या खोलीतून वर आली. "चटणीचं जवस? चित्राला?" मग तिनेही हुंगलं आणि म्हणाली, "ताजं आहे."

घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवायचे, टाचणीने भोक पाडून पिळायचे, हे मात्र आईला मी सांगितलं नाही.

शिष्य बसायचे ती जागा पोटमाळ्यावर. फी वर्षाला शंभर गिल्डर होती म्हणे. बाबांनी तिथेच हिशेब मांडला : तेरा हजारांचं घर म्हणजे एकशेतीस पोरांची वर्षाची फी. "आणि हप्ते थकले? शिकवण्या वाढवायच्या होत्या." हे शिष्य जमिनीवर नाण्यांची चित्रं काढून ठेवायचे आणि मास्तर उचलायला वाकायचे, अशी एक जुनी गोष्ट आहे. ती सांगितल्यावर बाबा हसता हसता पायरीवर बसले. आमच्या शाळेत फळ्याच्या चौकटीवर खडूने पाल काढायचे.

पण खरी गंमत शिंपल्यांच्या खोलीत. कपाटांवर पुतळे, भिंतीला भाले, छताखाली वाळवलेली जनावरं, पोवळी, ग्लोब, चोपड्यांचे गठ्ठे. मी डचवहिनींनी सांगितलेली पंचनाम्याची गोष्ट सांगितली. बाबा म्हणाले, "म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सरकारी शाळेत प्रत्येक विषयाच्या मास्तरकडे एक जाडजूड वही असते. न संपणारी प्रत्येक वस्तू त्यात. निवृत्त होताना वहीतली एकेक ओळ वाचायची, वस्तू दाखवायची, पुढच्याने सही करायची. बाबांच्या वेळी पुढचा कुणी आलाच नव्हता. ड्रॉइंगचं पद रिकामं ठेवलं होतं. मग त्यांनी हेडक्लार्ककडे चार्ज दिला. मी तेव्हा त्यांना घ्यायला गेले होते, दाराशी उभी होते. प्लास्टरचा पुतळा, तीन. पितळी तांब्या, एक. मातीचा माठ, एक, फुटका. लाकडी ठोकळे, सात, पैकी शंकू गहाळ. पडदा, निळा. हेडक्लार्क "हं", "हं" म्हणत बरोबरच्या खुणा करत होता. कपाटाच्या दाराच्या आतलं चित्र रजिस्टरमध्ये नव्हतं. ते बाबांनी नखाने सोडवून घेतलं, एक कोपरा तिथेच राहिला.

एवढं आठवेपर्यंत बाबा पुतळे मोजू लागले होते. बोटाने, ओठ हलवत. सात-आठपर्यंत गेले, मग मागून चिनी मंडळींचा घोळका आला आणि मोजणी चुकली.

राइक्सला अडीच वाजता पोचलो. 'नाइट वॉच' काचेपलीकडे आहे, पुढे ही गर्दी. बाबा तिथे पाच मिनिटंही थांबले नाहीत. ती बाही मात्र बघितली, टोकदार. जवळ जाऊन, मग लांबून, मग परत जवळ. रखवालदाराने दोनदा मागे सरा म्हटलं. बाबा मला म्हणाले, "पिवळ्याखाली काय आहे ते कळत नाही." तेवढंच.

आता प्रश्न तांबटआळींना. दोन प्रतींसमोर उभं केलं होतं, काही बोलले नव्हते. घरी आल्यावर रोज विचारतात, तांब्याची पट्टी कुठे मिळेल. तुळशीबागेत चौकशी केली तर भांडेवाल्याने ताट दाखवलं. ७१व्या वर्षी ॲसिड घरात नको, आईचा सक्त नकार आहे. काही मार्ग?

तांबटआळी

ॲसिड नको, तांबंही नको. ताकाचा किंवा फळांच्या रसाचा टेट्रापॅकचा रिकामा खोका घ्या. उभा कापून उलगडा, धुऊन पुसा. आतली चंदेरी बाजू म्हणजे तुमची पट्टी. कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने चित्र ओढायचं, दाबून, पण आरपार नाही. गडद हवं तिथे वरचा पातळ पापुद्रा ब्लेडने सोलून काढायचा, खाली पुठ्ठा उघडा पडतो आणि शाई पितो. शाई तेलाची घ्या, जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याने पुसा. कागद पाण्यात बुडवून टॉवेलमध्ये दाबून घ्या, टपटपता नको.

प्रेसचं काय, तर घरात शेवयांचं सपाट रूळांचं यंत्र असेल तर त्यातून निघतं. वर पातळ फेल्ट घाला. आईंना आधी विचारा, नंतर त्यात शेवया करता येणार नाहीत.

आणि मास्तरांना सांगा, अक्षरं आणि सही उलटी लिहायची. पहिल्या प्रतीत सगळेच विसरतात.

टोकदार

पहिली प्रत निघाली की इथे टाका. फुटका माठ काढायला सांगा.